काकडीला पांघरूण

माझ्या सासऱ्यांना नेरुळची थंडी पहिल्यांदा भेटली ती आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात. अंगाला ती लागली नव्हतीच, नुसती दिसली होती. दिवाळी होऊन गेली होती, सकाळची वेळ होती, आणि सोसायटीचे सेक्रेटरी दूध घेऊन वर चालले होते. डोक्यावर कानटोपी, गळ्याला मफलर, अंगात हातांनी विणलेला स्वेटर, त्यावर आणखी एक बिनबाह्यांचा स्वेटर. चालणं असं, जणू हिमालयातून पिशवी आणली आहे.

सासरे दारात बंडी घालून उभे होते. त्यांना नुकताच घाम पुसून झाला होता.

"काय हो, बरं नाही का?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"बरं आहे की! पण थंडी बघा ना काका काय पडलीय!"

सासऱ्यांनी बाहेर पाहिलं. समोर कोवळं ऊन, एक कुत्रं सावली शोधत फिरतंय, आणि पलीकडच्या अर्धवट बांधकामावरचे गवंडी उघड्या अंगानं विटा चढवतायत. पण मागोमाग दुसऱ्या मजल्यावरच्या आजी शाल लपेटून उतरल्या, त्यांच्यामागे एक मुलगा माकडटोपी घालून शाळेला निघाला, आणि सासऱ्यांचा चेहरा गंभीर झाला.

"पोरी," ते आत येऊन मला म्हणाले, "इथली थंडी लबाड दिसते. माणसाला कळत नाही, पण सगळी बिल्डिंग कुडकुडतीय."

आता हा माणूस निफाडकडचा. तिकडे पहाटे द्राक्षांच्या बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात, म्हणजे घडांवर हिम बसून मणी फुटत नाहीत. सासऱ्यांचा सगळा जन्म त्या धुरात गेला. थंडीशी त्यांचं भाऊबंदकीचं नातं होतं. पण त्याच गारठ्यानं सासूबाईंचे गुडघे धरले. उठताना "आई गं", बसताना "आई गं", अशी त्यांची दिवसभराची जपमाळ झाली. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. मग सासऱ्यांनी बाग पुतण्यांच्या हाती दिली आणि दोघं आमच्याकडे, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, राहायला आली. त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभे राहून त्यांनी कंपाउंडच्या भिंतीपर्यंतच्या जागेकडे बराच वेळ पाहिलं.

जागा म्हणजे काय, आमच्या दारापासून भिंतीपर्यंत बिल्डिंगच्या लांबीची एक पट्टी. बिल्डरनं तिच्यात सिमेंटची ढेकळं, फुटक्या फरशा आणि एक गंजकं घमेलं टाकून ठेवलं होतं. जमीन खाडीची, पाणी घातलं की वर मीठ फुलायचं. पण सासऱ्यांनी पावसाळाभर ती वेचली, धुतली, जवळच्या शिरवणे गावाच्या बाजूनं गोण्या भरभरून गोड माती आणली आणि तिथं वांगी-मिरच्या लावल्या. मी गिरगावच्या चाळीतली. गॅलरीतल्या डब्यातल्या तुळशीपलीकडे माझी शेती गेली नव्हती. त्या माणसाच्या नखांत माती आली की त्याचा चेहरा कसा उजळतो, हे मी तेव्हा पाहिलं, आणि लग्न झाल्यावर त्या घरात मला पहिल्यांदा कुणाचा लळा लागला असेल तर तो त्यांचा. नवऱ्याचा नंबर नंतर लागला. त्यानं हे वाचू नये.

तर ती पट्टी होती सोसायटीची. आणि सोसायटीला हवा होता स्कूटर स्टँड.

*

गच्चीवर मीटिंग भरली. सतरंज्या, चिवडा, आणि मुद्दा एकच.

"खाऱ्या वाऱ्यानं माझ्या गाडीचं मडगार्ड पापडासारखं झालंय," सेक्रेटरी म्हणाले. हा गृहस्थ रत्नागिरीकडचा, बोलताना एक भुवई वर. "मागच्या पट्टीत कोबा टाकू, वर पत्रे घालू. काकांची वांगी झालीयेत खाऊन. आता काय आहे तिथं? काटक्या."

"उन्हाळी वेल लावणार आहे मी," सासरे म्हणाले.

"लावा की. पण कोबा जानेवारीत पडणार. उन्हाळ्यात वेल काय स्कूटरवर चढवणार?"

सगळे हसले. सासरेही हसले. मग हातातला चिवडा संपवून, हात झटकून ते म्हणाले, "मग जानेवारीत काकडी देतो."

"थंडीत?"

"थंडीत."

"काका, होळीच्या आधी इकडे काकडी बघितलीय कुणी? मार्केटात येते ती बाहेरून."

"सव्वीस जानेवारीला झेंडा लावाल ना? त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला ह्या पट्टीतल्या काकडीची कोशिंबीर. नाही दिली तर मी स्वतः घमेलं उचलतो कोब्याला."

"आणि दिलीत तर?"

"पट्टीला हात लावायचा नाही."

सेक्रेटरींनी भुवई खाली आणली, पुन्हा वर केली आणि म्हणाले, "मंजूर." टाळ्या वाजल्या. चिवडा पुन्हा फिरला. खाली आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "अहो, मेथी का नाही बोललात? मेथी तर बघता बघता येते."

"मेथी कुणीही लावील," सासरे म्हणाले, आणि बिछान्यावर पडून छताकडे बघत राहिले. त्यांना हसू फुटत होतं, पण मी पाहिलं, हात छातीवर घट्ट धरलेले होते.

*

दुसऱ्या दिवसापासून आमच्या मागच्या दारी जे उभं राहिलं, त्याला काय म्हणावं हे बिल्डिंगला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मांडववाल्याकडून बांबूच्या कामट्या आल्या. त्या वाकवून दोन्ही टोकं जमिनीत रोवली. एकापुढे एक अशा कमानी झाल्या. त्यांच्यावर प्लॅस्टिक. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत यंत्रं ज्यात गुंडाळून यायची तो जाड पारदर्शक कागद तो संध्याकाळी स्कूटरवर मागे बांधून आणायचा, फडफड वाजवत, लांबून पाहणाऱ्याला वाटावं गलबत येतंय. लांबट, बुटका, पोट जमिनीला टेकलेला असा तो बोगदा तयार झाला. आत वाकून जावं लागे, पण बसायला ऐसपैस.

सारसोळ्याची एक कोळीण आमच्याकडे बोंबील द्यायला यायची. तिनं पाटी उतरवली, कमरेवर हात ठेवून सगळा प्रकार पाहिला.

"काय गो सूनबाय, यो काय हाय?"

"काकडीचं घर आहे मावशी. थंडी वाजू नये म्हणून."

"काकडीला थंडी?" ती इतकी हसली की पाटीतले बोंबील हलले. "आन् आमी खाडीत कमरेइतक्या पान्यान उभ्या रातो, आमाला कोन बांधतो असा घर? सासऱ्याला सांग, एक म्हावऱ्याला पन बांध!"

सासऱ्यांना तिचं बोलणं फार आवडलं. पण ते थांबणारे नव्हते. नुसतं प्लॅस्टिक म्हणजे उघडी खिडकी, असं त्यांचं मत. ऊब आत आली तर ती धरून ठेवायला भिंत हवी. त्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये घराघरात रंगीत टीव्ही येत होता, आणि प्रत्येक टीव्हीबरोबर खोक्यात थर्माकोल. टीव्ही आला की लोक पेढे घेऊन जायचे. सासरे रिकामी गोणी घेऊन जायचे. "अभिनंदन! ते पांढरं काय करणार आहात?" उत्तरेकडची सगळी बाजू त्यांनी थर्माकोलनं लिंपली. खाचाखोचांचे, टीव्हीच्या कोपऱ्यांच्या आकाराचे ते तुकडे एकमेकांना चिकटून अशी भिंत झाली की सेक्रेटरी म्हणाले, "काका, ह्यात चित्र कधी दिसणार?"

दोन्ही तोंडांना गोणपाटाचे पडदे. मुळाशी पेंढा. आणि आत ऊब.

उबेची पहिली पद्धत शेणाची. ताजं शेण आणि पेंढा खड्ड्यात दाबून भरायचा, वर मातीचा थर द्यायचा, म्हणजे खालून ते आंबतं आणि माती गरम राहते. शिरवण्याच्या गोठ्यांतून शेण आलं. मातीखाली गेलं. आणि दोन दिवसांत तळमजला ते तिसरा मजला, सगळ्यांच्या नाकात गेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी तेवढ्या खूश झाल्या, त्यांना माहेर आठवलं. बाकीच्यांनी खिडक्या लावल्या. सासऱ्यांनी बी टोकलं. ते उगवलंच नाही. उकरून पाहिलं तर बिया शिजल्या होत्या.

"भट्टी जरा जास्त झाली," सासरे म्हणाले.

"मीठ घालून आणू का?" सासूबाईंनी विचारलं.

शेण निवू दिलं. पुन्हा बी टोकलं. ह्या वेळी कोंब आले, दोन दोन पानं फुटली, आणि सासऱ्यांनी दुसरी पद्धत काढली. पाण्याचे पत्र्याचे डबे बाहेरून काळे रंगवून आत ओळीनं ठेवले. दिवसा उन्हानं पाणी तापायचं, रात्री ते हळूहळू ऊब सोडायचं. ही युक्ती खरोखरच चांगली होती, हे मला मान्य करायलाच हवं. पण ती चालते की नाही हे पाहायला मोजमाप हवं. आमच्या घरात मोजमापाचं एकच साधन होतं. सासूबाईंच्या औषधांच्या डब्यातला तापाचा थर्मामीटर.

दुपारी सासरे तो आत एका डब्याला टेकवून ठेवून आले. संध्याकाळी पाहिलं तर एकशे चार. पहाटे उठून पुन्हा पाहिलं आणि नाचतच घरात आले.

"उठा! उठा सगळे! रात्र गेली, पण आत एकशे चार! एक काडी ढळली नाही! असली ऊब निफाडात शंभर शेकोट्या पेटवून नाही मिळाली कधी!"

नवरा डोळे चोळत उठला. मी चहाचं आधण ठेवता ठेवता थांबले. सासूबाईंनी पडल्या पडल्याच विचारलं, "झटकलात का?"

"काय?"

"थर्मामीटर. झटकल्याशिवाय पारा खाली येतो का कधी? तुमच्या पोरांना ताप आला तेव्हा कुठं होतात? बागेत."

सासरे थर्मामीटरकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी तो झटकला. पारा गुपचूप तळाशी जाऊन बसला. बोगद्यात नेऊन पुन्हा ठेवला, तर तो तिथून हलेचना, कारण माणसाचा ताप मोजणाऱ्या काचेला पहाटेची हवा मोजता येत नाही.

"एकशे चार ताप होता तर," सासूबाई म्हणाल्या, "कपाळावर पट्ट्या ठेवायच्या होत्या वेलींच्या." आणि गुडघा धरून, "आई गं" करत उठल्या.

*

वेली मात्र वाढल्या. कोवळ्या तारा हवेत चाचपडत बांबूला गुंडाळल्या, पानं तळहाताएवढी झाली, आणि नवीन वर्ष लागलं तेव्हा पिवळी फुलं आली. काही फुलांमागे तर करंगळीच्या पेराएवढ्या काटेरी, केसाळ काकड्या जन्मापासूनच लागलेल्या होत्या. सासऱ्यांनी मला हाताला धरून आत नेलं. बाहेर सगळे हवेत श्वास घेत होते, आत आम्ही वाफेत वाकलेले. थांबवत नव्हतं, तरी ते एकेक दाखवत होते.

"ही एक. ही दुसरी. ही बघ, ही जुळी. बोलव तुझ्या सेक्रेटरीला."

सेक्रेटरी आपणहून आले. हातात मोजायची टेप. पट्टीची लांबी घेतली, रुंदी घेतली, कोबा कुठून कुठवर हे खडूनं भिंतीवर लिहिलं. मग वाकून आत डोकावले, चष्म्यावर वाफ धरली, तो पुसत म्हणाले, "ह्या काकड्या? ह्यांची कोशिंबीर चिमट्यानं खायची की भिंगानं?"

आणि चार दिवसांत त्या काकड्या पिवळ्या पडून गळल्या.

नव्या आल्या. त्याही गळल्या. सकाळी मागचं दार उघडलं की मातीवर पिवळे मणी पडलेले असायचे. सासरे ते वेचून शर्टाच्या खिशात ठेवायचे, कुणी पाहू नये म्हणून. जेवताना बोलणं कमी झालं. भिंतीवरचा खडू रोज दिसायचा.

"थंडी," ते म्हणाले. "दुसरं काही नाही. कुठून तरी वारा शिरतोय."

मग घरातल्या पांघरुणांना पाय फुटले. आधी सतरंजी गेली. मग माझ्या माहेरची चादर. एका संध्याकाळी सासूबाई कपाटापुढे उभ्या राहून ओरडल्या, "माझी गोधडी कुठंय?" ती त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची गोधडी, जी त्यांनी आजवर नवऱ्यालाही पांघरू दिली नव्हती. ती आता बोगद्याच्या तोंडावर गोणपाटाच्या आत, कडेला काथ्यानं शिवून, वाऱ्याची एक फट राहू न देता लावलेली होती.

"माझ्या आईचं लुगडं काकडीला?"

"अगं, पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे."

"मला थंडी वाजत नाही वाटतं?"

"तू तर इथं थंडी नाही म्हणून आलीस!"

चूक झाली असं सासऱ्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं, पण बोललेलं परत कसं घेणार? सासूबाई आत गेल्या आणि मिसळणाच्या डब्याचं झाकण नको इतक्या जोरानं लावलं.

*

ह्यानंतर दोन गोष्टी मला विचित्र वाटायला लागल्या. एक म्हणजे सासऱ्यांची दुपारची झोप. आधी ते जेवून अर्धा तास लवंडायचे. आता चांगले दोन-अडीच तास, आणि घोरणं असं की बाहेरच्या खोलीत भांडी थरथरावीत. दुसरी म्हणजे दुपारी सासूबाई घरात सापडत नव्हत्या. शेजारी विचारलं, नव्हत्या. आजींकडे नव्हत्या.

एका दुपारी मी वाळत घातलेले कपडे काढायला मागे गेले, तर बोगद्याच्या तोंडावरचा पडदा वर गुंडाळलेला. पलीकडच्या तोंडाचाही. गोधडीचे टाके एका बाजूनं उसवून ती बाजूला सारलेली. आणि आत, काळ्या डब्यांच्या ओळीत, पाटावर बसून, लुगडं गुडघ्यांपर्यंत वर घेऊन, माझ्या सासूबाई गुडघ्यांना तेल चोळत होत्या. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं सुख की ते मी माझ्या लग्नात सुद्धा त्यांच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

"आई!"

दचकून त्यांनी लुगडं खाली ओढलं. "हळू बोल! ते उठतील!"

"तुम्ही इथं रोज बसता?"

"चांगली ऊब आहे गं," त्या पुटपुटल्या. "त्यांना सांगू नकोस. एवढं बोलून बसले आहे मी त्या बोगद्याला, आता कुठल्या तोंडानं..."

"पण पडदे का उघडे?"

"मग काय, शिजून मरू? बियांचं काय झालं बघितलं ना? मी आपली आत आले की दोन्हीकडून उघडते, जाताना बंद करते, गोधडीचे टाके पुन्हा घालते. त्यांना पत्ता नाही. फक्त ह्या माश्या मेल्या कानाशी गुणगुणतात, तेवढाच त्रास."

मी पाहिलं. खरंच, दोन-तीन मधमाश्या एका फुलातून दुसऱ्यात शिरत होत्या, पायांना पिवळं पीठ माखून. आणि त्यांच्यापलीकडे, बांबूच्या आडोशाला, अंगठ्याएवढी एक काकडी. हिरवी. तुकतुकीत. गळालेली नाही.

कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राच्या तासाला खिडकीतून बाहेर बघायचे, पण थोडं कानावर पडलं होतं. काकडीची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. एकाचा पराग दुसऱ्यावर कुणी तरी नेऊन टाकावा लागतो. नाही नेला तर फुलामागची इवली काकडी पिवळी पडून गळते. द्राक्षाला हे काही लागत नाही, ते आपलं आपण घरच्या घरी जमवून घेतं. सासऱ्यांनी जन्मभर द्राक्षं केली होती. वारा बंद करायचा हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी तो इतका नीट बंद केला होता की वाऱ्याबरोबर माशीही बाहेर राहिली.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या तेलाचा हात हवेत धरून ऐकत राहिल्या.

"म्हणजे माझ्या गुडघ्यांमुळे काकडी लागली?"

"तुमच्या गुडघ्यांमुळे."

"अगं बाई!" त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की एक माशी घाबरून बाहेर गेली. मग एकदम गंभीर झाल्या. "त्यांना बोलू नकोस हं. त्यांना वाटू दे, त्यांच्या उबेनं आली. बाग सोडून आलेत ते. माझ्यासाठी."

त्या दिवसापासून त्या जरा जास्त वेळ बसू लागल्या. उपचार म्हणून.

*

सव्वीस जानेवारीला सगळी बिल्डिंग खाली. झेंडा चढला, मुलांनी राष्ट्रगीत म्हटलं, कुणाची तरी फुगडी झाली, आणि मग सगळी वरात मागच्या पट्टीकडे वळली. सेक्रेटरी पुढे, कानटोपीत. सासरे इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि मी शपथेवर सांगते, गोणपाटाच्या काथ्याची गाठ सोडताना त्यांनी दोनदा चुकीचं टोक ओढलं. ते सहा दिवसांपासून आतल्या काकड्या कुणाला पाहू देत नव्हते.

पडदा वर गेला. आत वेलींवर काकड्या लोंबत होत्या. खूप नव्हत्या. पण हाताएवढ्या, हिरव्यागार, टोकाला अजून वाळकं फूल चिकटलेलं.

"थांबा," सेक्रेटरी म्हणाले. "मार्केटातून आणून दोऱ्यानं बांधल्या असतील तर?"

"बघा ना देठ. या आत."

सेक्रेटरी वाकून आत शिरले. एक देठ तपासला. दुसरा तपासला. तिसऱ्याकडे जाताना वाकूनच राहिले. एक क्षण गेला, दोन गेले. त्यांची बायको म्हणाली, "अहो, काय झालं?"

"काही नाही," आतून आवाज आला. "कंबर."

"धरली?"

"नाही गं. सुटली! गेला महिना धरली होती ती. इथं बरं वाटतंय." आणि ते पाटावर बसले, माझ्या सासूबाईंच्या पाटावर, कानटोपी काढून मांडीवर ठेवली. "काका, तुमच्या बोगद्यात हवा मस्त आहे हो."

कोशिंबीर झाली. मोठ्या परातीत, दाण्याचं कूट, दही, मोहरीची फोडणी. माणशी फार तर दोन चमचे आली, पण प्रत्येकजण तिच्याविषयी असा बोलला, जणू लग्नाच्या पंक्तीतून उठलाय. आजींनी तोंडात घोळवून सांगितलं, "शेणाचा वास येत नाही अजिबात." सेक्रेटरींनी ओला फडका घेतला आणि सगळ्यांच्या देखत भिंतीवरचा खडू पुसला. स्कूटर स्टँड समोरच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ करायचा ठरला. सासऱ्यांनी उबेवर मोठं भाषण दिलं. शेण, काळे डबे, थर्माकोल, गोधडी, सगळ्यांचे आभार. माश्यांचे नाही. सासूबाई मागे उभ्या राहून माझ्या दंडाला चिमटे काढत होत्या.

संध्याकाळी मी परात घासत होते. सासरे बोगद्यात शिरले, गोधडी उसवून, घडी घालून बाहेर घेऊन आले. ती नाकाशी धरून त्यांनी वास घेतला.

"पोरी," ते म्हणाले, "हे तेल तिच्या गुडघ्यांचं. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. बोगद्यात शिरलो आणि औषधाचा वास आला. म्हटलं, बसू दे."

मी घासणी खाली ठेवली. "म्हणजे दुपारची ती झोप..."

"झोप कसली? इतकं घोरून घसा बसला माझा. जरा थांबलो की ती आत यायची ना बघायला."

"आणि काकड्या का टिकायला लागल्या, तेही कळलं तुम्हाला?"

"न कळायला काय झालं?" ते विजयानं म्हणाले. "तेल! तेलाचा वास लागला वेलींना, आणि गळ थांबली. फवारणी झाली आपोआप. पण तिला सांगू नकोस, उगाच डोक्यावर बसेल. पुढच्या वर्षी बाटली जास्त आणतो."

मी तोंडावर परात धरली. माश्यांचं त्यांना पुढं सांगितलं मी, पण ते पाडव्यानंतर, आणि तोवर आणलेली तेलाची बाटली सासूबाईंना लागणारच होती.

दुसऱ्या हिवाळ्यात सासऱ्यांनी काकडी उघड्यावर, आळ्यात लावली आणि ती मस्त आली. बोगदा मात्र पुन्हा बांधला, थर्माकोल, काळे डबे, सगळं जसंच्या तसं. दोन्ही तोंडं उघडी. आत दोन पाट. दुपारी सासूबाई एका पाटावर बसत आणि त्यांचं तेल चोळून होईपर्यंत दुसऱ्या पाटासाठी बाहेर मफलर बांधून सेक्रेटरी थांबलेले असत.

"काकू, झालं का?"

"थांबा हो जरा," आतून सासूबाई ओरडायच्या. "आत्ता कुठं डावा गुडघा घेतलाय!"